मोठ्या धारकाचं पान

संपादकांनी पत्र पाठवलं, "आपण इतकी वर्षं शेअर खात्यात काढलीत, तेव्हा शेअरमधून पैसा कसा करावा ते आमच्या वाचकांना सांगा." मी उलट कळवलं की ते मला ठाऊक असतं तर मी तुमच्या दिवाळी अंकात लिहायला कशाला बसलो असतो? गृहस्थ चिवट निघाले. म्हणाले, "मग पैसा कसा जातो ते लिहा." ते मात्र मला नीट ठाऊक आहे. म्हणून बसलो.

अकोल्यात मोर्णेच्या काठाला सरकीचं तेल काढणारी एक कंपनी होती. नाव सांगत नाही. तिच्यात ज्यांचे पैसे बुडाले त्यांची नातवंडं अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. साठ सालाच्या आगेमागे मी तिच्या शेअर खात्यात कारकून होतो. खातं म्हणजे एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, एक जाळीची खिडकी आणि मी. सेक्रेटरीसाहेब आतल्या खोलीत बसत. ते पुण्याचे. आमची वऱ्हाडी माणसं खिडकीशी साधी चौकशी करू लागली तरी साहेब आतून विचारत, "भांडण कसलं चाललंय?"

आमचं घर जुन्या शहरात. वडील भिक्षुकी करायचे. नदीकाठी माळ्यांच्या बागा होत्या. त्यांची लग्नं, सत्यनारायण, मुहूर्त, विहिरीची जागा दाखवणं, सगळं वडिलांकडे. बोलायला अतिशय ठाम माणूस. 'पाहू', 'बहुतेक', 'असेल' असले शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. एकदा बोलले की बोलले, अशी त्यांची ख्याती होती, आणि घरात आम्हाला तिचा धाक होता. मला मंत्र पाठ होईनात, पण अक्षर सुरेख होतं. म्हणून मॅट्रिकनंतर कंपनीत चिकटलो. वडील म्हणाले, "पोथी नाही तर रजिस्टर. लोकांना वाचूनच दाखवायचं आहे ना?" ते थट्टेनं म्हणाले होते.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंपनीचे मालक म्हणजे तिचे भागधारक. प्रत्येकाच्या नावाचं रजिस्टरात एक पान. डावीकडे आलेले शेअर, उजवीकडे गेलेले, खाली शिल्लक. कुणी शेअर विकले की एक छापील फॉर्म यायचा. त्यावर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, मोबदल्याच्या रकान्यात किंमत, आणि किमतीच्या मानानं चिकटवलेली सरकारी तिकिटं. किंमत मोठी तर तिकिटंही मोठ्या रकमेची. मी सही ताडून पाहायचो, तिकिटांवर रद्दचा शिक्का मारायचो, आणि डायरेक्टरांची मंजुरी आली की एकाच्या पानावरचे शेअर दुसऱ्याच्या पानावर चढवायचो. काम एवढंच. तिकिटांचं मात्र लक्षात ठेवा, पुढं लागतील.

सह्या ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे म्हातारपणी तरी सांगून टाकतो. माणसाचा चेहरा मी विसरायचो, सही नाही. बाजारात एखादा नमस्कार करायचा आणि मला ओळख पटायची नाही. त्यानं नाव सांगितलं की मी मनात म्हणायचो, हां, हा तो, ज्याच्या 'र'ची शेपटी खाली लोंबते.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. जठारपेठेतले एक शाळामास्तर एकदा शेअर सर्टिफिकेट घेऊन आले. ते त्यांना विकायचं होतं, पण मुंबईचा दलाल घेत नव्हता. मी कागद उलगडला तर नंबरावर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, आणि सहीच्या जागी तुपाचा डाग. दर लक्ष्मीपूजनाला मास्तर ते चौरंगावर ठेवून पूजा करत आले होते. मी साहेबांकडे नेलं. साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. "फाटलेलं, हरवलेलं, खराब झालेलं, या सगळ्याची सोय आहे," ते म्हणाले, "पूजलेल्याची नाही." शेवटी 'खराब झालेलं' या सदराखाली नवीन काढून दिलं. त्या शब्दावर मास्तर नाराज झाले. म्हणाले, "खराब काहून म्हणता? पवित्र लिहा." पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, निम्म्या गावाचे शेअर चौरंगावर बसत होते. दसऱ्यापासून मग मी खिडकीवर पाटीच लावायला लागलो, की पूजा करायची तर कोऱ्या कागदावर नंबर लिहून त्याची करावी.

असं सगळं गमतीत चाललं होतं, तोवर भाव उतरू लागला. पहिल्या वर्षी हळू, दुसऱ्या वर्षी भराभर. सरकी महागली होती, यंत्रं जुनी झाली होती, आणि डायरेक्टरांची आपसात तोंडं तीन दिशांना. मुंबईचा भाव आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळे. सकाळी पत्र आलं की माझ्या खिडकीशी माणसं जमत. तेव्हा कायद्यानं भागधारकांचं रजिस्टर कुणालाही बघता येई. भागधारकाला फुकट, बाहेरच्याला एक रुपया. भाव चढत होता तोवर ते कुणी बघितलं नाही. उतरू लागल्यावर रोज उघडावं लागे.

त्यात अमरावतीचे एक वकीलसाहेब होते. महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीनं यायचे, कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावायचे आणि सगळं रजिस्टर सोडून एकच पान मागायचे, मुंबईच्या शेठचं. हे शेठ म्हणजे आमचे सगळ्यांत मोठे धारक. दहा-वीस श्रीमंतांचे पैसे एकत्र करून पडत्या कंपन्यांचे शेअर गठ्ठ्यानं घ्यायचे, हा त्यांचा उद्योग. आम्ही कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांची सही मात्र मला पाठ होती, दोन वळणं आणि एक टिंब.

"भाव काय वाचता हो?" वकीलसाहेब जमलेल्यांना म्हणायचे. "माणसं वाचा. लहान माणूस भाव पाहून विकते. मोठ्याले आतली बातमी असते. भाव पडून राहिला अन् मोठा माणूस धरून बसला असंन, तर समजायचं, काहीतरी चांगलं येऊन राहिलं."

आजही मला वाटतं, विचार चुकीचा नव्हता. मोठे लोक काय करतात ते पाहावं, यात वावगं काय? शेठचं पान महिनोन् महिने हललं नाही, तसा गावाला धीर येत गेला. कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी विकायला काढलेले परत कपाटात ठेवले. वकीलसाहेबांनी अमरावतीच्या बाररूममध्ये जाऊन सांगितलं, तेव्हा तिथल्याही चारसहा जणांनी थांबायचं ठरवलं. आणि मी? मी त्या पानाचा पुजारी. उघडून दाखवायचो, बोट ठेवायचो, हळूच मान हलवायचो. साहेबांची सक्त ताकीद होती की कारकुनानं सल्ला द्यायचा नाही. मान हलवणं सल्ल्यात येत नाही, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

आता सखुबाईचं सांगतो. खरं म्हणजे तिच्यासाठीच बसलोय.

कंपनीचा कारखाना ज्या जमिनीवर उभा होता, तो आधी सखुबाईच्या नवऱ्याचा मळा. वांगी, मेथी, कांदे, आणि कडेनं झेंडू, शेवंती. कंपनीनं जमीन घेतली तेव्हा थोडे पैसे रोख दिले आणि बाकीचे शेअर. कारखाना निघाल्यावर दोन वर्षांत नवरा गेला. सखुबाई भावाच्या गावी, चांदूर बाजारला गेली आणि दुसऱ्याच्या मळ्यात बटाईनं भाजी काढू लागली. मूलबाळ नव्हतं. होते ते शेअर, मेणकापडात गुंडाळलेले.

तीन-चार महिन्यांनी ती अकोल्याला यायची. पण आधी खिडकीशी नाही. आधी कारखान्याच्या आवारात जायची. तिची विहीर तिथं अजून होती. आमच्या बॉयलरला पाणी तिचंच. विहिरीच्या अलीकडे, वीसेक पावलांवर एक अर्धवट खड्डा होता, त्यात आम्ही बॉयलरची राख टाकायचो. ती खड्ड्याला वळसा घालायची, विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघायची आणि मग माझ्याकडे यायची. एकदा पहारेकऱ्यानं हटकलं, तर म्हणाली, "माही ईर हाये. पायते नुसती, पेत नाई." तेव्हापासून तिला कुणी अडवलं नाही.

वडिलांमुळं ती मलाही महाराज म्हणायची. सही येत नव्हती, आंगठा होता. खिडकीशी पाटी टेकवून बसायची आणि विचारायची, "महाराज, बडे लोक काय करून राहिले?"

"धरून बसलेत."

"मंग आमी बी बसतो." आणि पाटीतली मेथीची एक जुडी टेबलावर ठेवून जायची. मी नको म्हणायचो. ती ऐकायची नाही. घरी त्या जुडीचं कौतुक व्हायचं.

एका हिवाळ्याच्या शेवटी ती आली ती विहिरीकडे न जाता थेट खिडकीशी. चेहरा फुललेला. म्हणाली, "महाराज, चांदूर बाजारले मळा निंघाला. तीन एकर. ईर बांधेल हाये, बारमाही पानी. मालक पोराकडं नागपूरले चालला. पाडव्यापरेंत माह्यासाठी थांबतो म्हनते."

"मग?"

"आता शेअर इकले तं मळा येते. जराक कमी पडन, थे मी भाजीवर काढीन. पन लोक म्हनतात भाव चढन. चढला तं ईरीवर इंजन बी येईन. इकू का ठेवू? सांगा ना जी."

तिचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्या बाईला स्वतःची विहीर दिसत होती, आणि ती घ्यायची की थांबायचं हे ती मला विचारत होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मुंबईच्या शेठचं पान हललं होतं. निम्मे शेअर उजवीकडं गेले होते. गेले कुठं? तर मुंबईच्या एका मोठ्या बँकेच्या नावावर. बँकेसाठी मी स्वतः नवीन पान उघडलं, ठळक अक्षरात नाव घातलं. वकीलसाहेब दोनच दिवसांपूर्वी येऊन ते पान बघून गेले होते. आनंदानं त्यांनी टेबलावर थाप मारली होती. "बघा! शेठनं दिले, पण दिले कुणाले? बँकेले! बँक काय येडी आहे पडतं घ्यायले? बँकेजवळ दहा पदवीधर बसले असतात हिशेब करून."

मी सखुबाईला सांगितलं. साहेब आत नव्हते. मी घसा खाकरला, वडील पंचांग मिटताना खाकरायचे तसाच, आणि म्हणालो, "थांबा. मोठी बँक आत आली आहे. असे लोक घेत असतात तेव्हा आपण द्यायचे नसतात. पाडव्यापर्यंत भाव सुधारेल, मग विका."

मला ते सांगताना बरं वाटलं, हे लपवत नाही. 'पाहू' म्हटलं नाही, 'बहुतेक' म्हटलं नाही.

"तुमी म्हनता तं थांबतो," ती म्हणाली. "तुमच्या बापानंच आमाले ईर दाखोली व्हती." त्या दिवशी तिनं मेथीबरोबर शेवंतीची फुलंही ठेवली.

पाडव्याला अकरा दिवस होते तेव्हा टपालात बँकेचं एक पत्र आलं. दोन ओळींचं. या शेअरांवर जो लाभांश निघेल तो अमुक शेठजींच्या खात्यात जमा करावा. मी ते दोनदा वाचलं. शेअर बँकेचे, मग लाभांश शेठला का? मी कपाट उघडलं आणि त्या व्यवहाराचे फॉर्म काढले. मोबदल्याच्या रकान्यात किंमत होती दहा रुपये. एवढा मोठा गठ्ठा, आणि दहा रुपये! खाली तिकिटं तेवढीच, एक चिमुकलं तिकीट कोपऱ्यात. त्यावर रद्दचा शिक्का माझाच. मारताना मी सही पाहिली होती, दोन वळणं आणि एक टिंब, आणि बँकेचं नाव पाहून हरखलो होतो. तिकिटाकडं लक्ष गेलं नव्हतं. तेरा-चौदा वर्षं तिकिटं रद्द करणारा माणूस मी.

साहेबांकडे फॉर्म नेले. साहेबांनी चष्मा काढला. "गहाण आहेत ते," ते म्हणाले. "शेठनं कर्ज काढलंय. विक्री नाहीच, म्हणून किंमत नावापुरती. बँकेच्या नावावर करून द्यायचे, कर्ज फिटलं की परत."

"पण रजिस्टरात तसं कुठं लिहिलं नाही."

"लिहिता येत नाही. कुणासाठी धरलेत हे रजिस्टरात लिहायला कायद्यानं बंदी आहे. पान फक्त नाव सांगतं."

म्हणजे बँक आत आलीच नव्हती. मोठा माणूस पैशासाठी अडला होता आणि त्यानं आमचे शेअर गहाण टाकले होते. आम्ही ते पान अगदी उलटं वाचलं होतं. आणि पुढचं मला साहेबांनी सांगायची गरज नव्हती. भाव आणखी उतरला की बँक शेठकडे आणखी तारण मागणार, शेठला देता आलं नाही की बँक गठ्ठाच्या गठ्ठा बाजारात ओतणार, आणि मग भावाला तळच उरणार नाही.

साहेबांनी चष्मा परत लावला. "हे या खोलीबाहेर गेलं, तर पाठोपाठ तुम्हीही जाल," ते म्हणाले. दुष्ट माणूस नव्हते ते. त्यांनाही वरून तसंच सांगितलेलं असणार.

त्या दिवसाचा भाव मी पाहिला. सखुबाईनं विचारलं होतं तेव्हापेक्षा किंचित खाली होता, पण मळा अजून येत होता. मला फक्त तिला कळवायचं होतं की माझं चुकलं, आजच विका. आंगठ्याची विक्री म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन साक्ष करावी लागे, दोन दिवस त्यात गेले असते. तरी अकरा दिवस पुष्कळ होते.

मी पोस्टकार्ड आणलं. त्यावर पत्ता लिहिला: सखुबाई, माळीपुरा, चांदूर बाजार. मग थांबलो. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमन ते ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवणार, चार माणसं ऐकणार, आणि दोन दिवसांत ते अकोल्याला माझ्या खिडकीशी परत येणार. मग मी ठरवलं, स्वतःच जावं. मध्ये एक रविवार होता. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती, अमरावतीहून मोटार, दुपारपर्यंत चांदूर बाजार. जाऊन कानात सांगून संध्याकाळी निघता आलं असतं.

त्या रविवारी मी घराच्या दाराला रंग दिला. हिरवा. दोन हात दिले.

मनाशी कारणं बरीच जमवली. नोकरी गेली तर घर कसं चालणार, वडील थकले होते. शेठ कर्ज फेडेलही, मग उगाच बाईला घाबरवल्यासारखं होईल. आणि सगळ्यांत आत, खोल, एक कारण होतं जे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही: आमच्या घरात दिलेला शब्द मागं घ्यायची रीत नव्हती. वडिलांनी कधी घेतला नव्हता, असं मी समजत होतो. आपल्या तोंडानं 'चुकलो' म्हणायचं, तेही माळ्याच्या बाईला, हे मला जमेना. लाज वाटते, पण तसंच होतं.

पाडवा गेला. मळा अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं घेतला. चैत्र संपायच्या आत बँकेनं गठ्ठे सोडायला सुरुवात केली. फॉर्म आले तेव्हा मोबदल्याचा रकाना खरा होता आणि तिकिटं पूर्ण. मी एकेकावर शिक्का मारत गेलो. भाव असा कोसळला की वर्तमानपत्रानं काही दिवसांनी तो छापायचंच सोडून दिलं.

वकीलसाहेब एकदाच आले. बँकेचं पान पाहिलं, रजिस्टर अगदी सावकाश मिटलं, कोट घातला. "बाररूममध्ये मी सांगितलं होतं लोकाईले," एवढंच म्हणाले. स्वतःच्या पैशाचं अवाक्षर नाही. नंतर ते कधी आले नाहीत, आणि मलाही कधी त्यांच्याकडे जावंसं वाटलं नाही. भला माणूस होता.

सखुबाई वैशाखात आली. आधी विहिरीकडे गेली, खूप वेळ वाकून पाहत होती. मग खिडकीशी येऊन विचारलं, "महाराज, आता काय म्हनते तुमची बँक?"

"बँकेनं विकून टाकले."

"आं? एवढी मोठी बँक! म्हंजे मोठे लोक बी चुकले म्हना."

ही माझी दुसरी संधी होती. मी म्हणालो, "हो. मोठे लोक चुकले."

तिनं पदरानं घाम टिपला. मग म्हणाली, "त्यायचं बी लय नुसकान झालं असंन, बिचाऱ्यायचं." आणि मेथीची जुडी ठेवून गेली. ती जुडी मी घरी नेली नाही. पहारेकऱ्याला दिली.

त्यानंतर कंपनी चारपाच वर्षं रखडत चालली. वडील त्याच काळात गेले. मग एक दिवस बॉयलर थंड झाला आणि कंपनी मोडीत निघाल्याची नोटीस छापून आली. भागधारकांना काही मिळणार नाही, असा तिचा सारांश. माझं शेवटचं काम म्हणजे ती नोटीस प्रत्येकाला टपालानं पाठवणं. सगळी पाकिटं पोस्टात टाकली. सखुबाईचं तेवढं खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. आता नोकरीच उरली नव्हती, जायला कुणाची बंदी नव्हती.

चांदूर बाजारला त्या दिवशी आठवडी बाजार होता. दसरा जवळ आलेला, जिकडंतिकडं झेंडू. ती गोणपाट टाकून बसली होती, पुढं वांगी आणि फुलांचे ढीग, हातात तागडी. केस पांढरे झाले होते. मला पाहून तिनं शेजारचं गोणपाट झटकलं. "बसा महाराज. बाप गेले म्हनून आयकलं. लय वाईट वाटलं."

मी नोटीस काढली, वाचून दाखवली, साध्या शब्दांत सांगितली.

"म्हंजे त्या कागदायचं आता काईच नाई."

"काही नाही."

तिनं झेंडूवर पाणी शिंपडलं. मग मी सांगितलं. दहा रुपये, चिमुकलं तिकीट, बँकेचं पत्र, सगळं. म्हणालो, "सखुबाई, मोठे लोक आत आलेच नव्हते. मी पान चुकीचं वाचलं. आणि ते मला पाडव्याच्या आधी कळलं होतं. अकरा दिवस आधी."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. फुलांचा ढीग सारखा करत राहिली. मग विचारलं, "तुमच्या कारखान्यात माह्या ईरीजवळ एक खड्डा व्हता, पायला का?"

"हो. राख टाकायचो त्यात."

"थो तुमच्या बापाचा खड्डा."

"बापाचा कसा?" मी विचारलं.

"पयली जागा तुमच्या बापानं थेच दाखोली व्हती. येथीच पानी लागंन म्हने. माहा मालक अन् दोन गडी सात दिवस खंदून राहिले. निरा खडक. तुमचा बाप सहज पायाले आला, वाकून पायलं, काई बोलला नाई, गेला. दुसऱ्या दिवशी उजाडाच्या पयले आमच्या दारात उभा. म्हने, माहं चुकलं, तेथं पानी नाई, खंदनं बंद करा. दक्षिना उंबरठ्यावर ठेवून देली वापस. मंग दुसरी जागा पायली. तेथं लागलं."

मला हे घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी तर नाहीच. वर्षानुवर्षं मी त्या खड्ड्यात राख पडताना पाहत होतो.

तागडी मांडीवर ठेवून तिनं आता सरळ माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "अकरा दिवस व्हते म्हनता. तुमी काहून नाई आले?"

साहेब, नोकरी, कायदा, पोस्टमन, सगळं जिभेवर आलं. त्यातलं एकही त्या गोणपाटावर बसून बोलवेना.

"भ्यालो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जणू हे तिला केव्हाच ठाऊक होतं. "मंग तसं सांगाचं ना जी," ती म्हणाली. "मोठे लोक चुकले म्हनून काहून सांगतलं? इतले वर्स मी त्यायची कीव करून राहिली."

मागं एक बाई पावशेर झेंडू मागत होती. सखुबाईनं तागडी उचलली.